हिंदुरावचं पायताण

“बोटं हलव.”

हलवली.

“आता घोटा फिरव.”

फिरवायला गेलो आणि अशी बोंब ठोकली की मारुतीपुढं वात लावणारे जंगमकाका दचकून मागं वळले. आबा वस्तादांनी माझा पाय मांडीवरून अलगद खाली ठेवला. तेलकट हात पंच्याला पुसले. मग म्हणाले, “निवास, फायनल इसरायची आता.”

तालमीच्या दारात वीस-पंचवीस जण उभे होते. बाहेर रस्त्यावर त्याहून जास्त. वस्तादांचं वाक्य दारातून बाहेर गेलं आणि कोणीतरी मोठ्यानं बोललं, “म्हंजे हारलोच की.”

मला भयंकर दुखत होतं. तरी ते वाक्य ऐकून आत कुठंतरी बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला आश्चर्य वाटायला नको.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि टीम हरली की त्या पेठेत दोन दिवस कोणी नीट जेवत नाही. आमची सतीमाळ तालीम. त्या साली मी पंचवीस वर्षांचा, टीमचा सेंटर हाफ. मागून आलेला बॉल माझ्याकडं यायचा, तो पुढं कुठं जायचा ते मी ठरवायचो. आमच्या पोरांना सवयच लागली होती. बॉल मिळाला की आधी मान वर करून मला शोधायची. मी अडकलेला असलो तर बॉल पायात धरून थांबायची, पण दुसऱ्याला द्यायची नाहीत. तालमीच्या कोपऱ्यावर काळा फळा होता, मॅचचा निकाल लिहायला. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी त्याच्यावर कोणीतरी खडूनं लिहिलं होतं, ‘निवास आहे तर कप आहे’. त्या दिवशी मी कामावर जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वाट वाकडी करून फळ्यापुढून गेलो.

सेमीफायनल जिंकलो, पण शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या घोट्यावर समोरचा बॅक पडला. फायनल पुढच्या रविवारी, वाघजाई तालमीबरोबर.

गर्दी पांगल्यावर एकटा हिंदुराव मागं राहिला. हिंदुराव मेढे, आमचा गोलकीपर. फौंड्रीत मोल्डर होता, हातांवर जळल्याचे डाग. वय चौतीस. चौदा वर्षं त्यानं सतीमाळचा गोल राखला होता आणि तीन फायनली हरला होता. या सालानंतर खेळणार नाही असं त्यानं घरी आणि तालमीत, दोन्हीकडं सांगून टाकलं होतं. गुडघे बोलायला लागले होते त्याचे.

तो माझ्याजवळ उकिडवा बसला. घोट्याकडं बघितलं.

“लई सुजलाय रं.”

“दादा, तुझी शेवटची फायनल आणि मी असा.”

“खेळायचं न्हाई तर न्हाई. बसशील की न्हाई बाकड्यावर?”

“बसतो की.”

“मग झालं माझं काम,” असं म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि डोळा मारला.

ही आमच्या दोघांतली गोष्ट होती. वस्तादांनाही माहीत नव्हती. मी दुसऱ्या टीमच्या सगळ्या मॅचा स्टेडियमवर बसून बघायचो, आणि कोण पेनल्टी कशी मारतो ते माझ्या डोक्यात बसायचं. का बसायचं ते मला सांगता यायचं नाही. कोण बॉल ठेवून किती मागं जातो, कोणाचा खांदा आधी वळतो, ते बरोबर लक्षात राहायचं. टायब्रेकर लागला की हिंदुराव गोलमध्ये उभा राहून एकदा माझ्याकडं बघायचा. मी उजवा हात कमरेवर ठेवला की त्यानं त्याच्या उजवीकडं उडी मारायची, डावा ठेवला की डावीकडं. दोन्ही हात खाली म्हणजे मला माहीत नाही, तुझं तू बघ. त्याच सीझनला दोन टायब्रेकर आम्ही असे काढले होते. लोक म्हणायचे, हिंदुरावच्या अंगात आलंय. आम्ही दोघं गालात हसायचो.

गुरुवारी सर्जेराव घरी आला.

सर्जेराव गवळ्याचा. एकोणीस-वीस वर्षांचा, रोज सकाळ-संध्याकाळ दूध कट्ट्यावर म्हशी पिळायचा आणि मधल्या वेळात आमच्याबरोबर प्रॅक्टिसला यायचा. फायनलला माझ्या जागी वस्तादांनी त्याला घातला होता. दारात उभा राहिला तेव्हा हातात दुधाची किटली.

“काकी, हे निरसं हाय. दादाला द्या, घोट्याला ताकद येईल.”

आई हसली. किटली घेऊन आत गेली. सर्जा माझ्या कॉटजवळ खाली बसला. मी खुर्ची दाखवली तरी खालीच बसला.

“दादा, एक इचारू?”

“इचार.”

“इंगवलेला कसा अडवायचा? त्यो डावीकडनं आत येतोय का बाहेर जातोय? म्या आजपतोर लांबूनच बघितलाय त्याला.”

वाघजाईचा इंगवले म्हणजे त्या वर्षी सगळ्यात जास्त गोल मारलेला सेंटर फॉरवर्ड. तो आत येतो, कायम आत येतो, आणि येताना एकदा खोटा थांबतो. मला हे झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

“खेळताना कळतंय,” मी म्हणालो.

“आणि म्या कुठं हुबं ऱ्हायाचं? तुझ्यागत मधी का जरा मागं?”

“सर्जा, तू उगंच डोकं चालवू नको. बॉल आला की लांब मारायचा. बास. सेंटर हाफ काय एका दिवसात हुतोय व्हय?”

त्यानं मान खाली घालून ती हलवली. “व्हय दादा. बरोबर हाय.” आणि उठून माझ्या पायाच्या दिशेनं हात नेला, नमस्कारासारखा. घोटा सुजलेला बघून हात मागं घेतला.

तो गेल्यावर आई म्हणाली, “गुणी पोरगं हाय बघ.” मी भिंतीकडं तोंड करून पडलो. दूध प्यायलो मात्र.

रविवारी दुपारी अडीचला हिंदुराव लुना घेऊन दारात. मी बुटात पाय घालायचा प्रयत्न करत होतो. बूट काय, कोणतंच पायताण माझ्या पायात जाईना. घोटा आणि पाऊल मिळून एकच गोळा झालेला.

“सोड ते,” म्हणत हिंदुराव उंबऱ्यावर बसला. स्वतःच्या पायातलं पायताण काढलं. रुंद, जाड तळाचं, फौंड्रीत घालून घालून काळं पडलेलं. त्याचे पाय फावड्याएवढे होते. “हे घाल. ढिल्लं हाय, बसंल.”

“आणि तू?”

“मला आता बूटच घालायचेत की,” म्हणत त्यानं पिशवीतून खेळायचे बूट काढले आणि आमच्या उंबऱ्यावरच बांधले. मग माझ्यापुढं गुडघ्यावर बसून ते पायताण स्वतःच्या हातानं माझ्या पायात सरकवलं. दुखू नये म्हणून पट्टा बोटानं वर धरून. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा माणूस, मला संकोच वाटला.

“दादा, मी घालतो की.”

“गप बस. घोटा दुखवून घेऊ नको. आज डोळे तुझे पायजेत मला.” मग वर बघून म्हणाला, “निवास, आज टायब्रेकर लागला ना, तर माझ्या समोर दिसंल असा बस. बाकी मला काय नगो.”

“दादा,” मी म्हणालो, “आज कप तुझ्या हातात दिला न्हाई तर नाव सांगणार न्हाई.”

हे मी मनापासून बोललो होतो. अडीच वाजता तरी मनापासून होतं.

स्टेडियम भरून वाहत होतं. मी काठी टेकत बाकड्यावर जाऊन बसलो तेव्हा आमच्या बाजूची सगळी गॅलरी उभी राहिली. “निवास! निवास!” मी हात वर केला. डोळे भरून आले माझे.

मग मॅच सुरू झाली.

पहिली दहा मिनिटं आमची पोरं सवयीनं बॉल थांबवून मान वर करत होती. मध्ये मी नव्हतो, सर्जा होता. आणि सर्जा बॉल मागतच नव्हता. आला की एका टचमध्ये दुसऱ्याला देऊन पुन्हा मोकळ्या जागेत पळायचा. परत आला की परत दिला. काही नखरा नाही, काही नाही. हळूहळू पोरांच्या माना वर व्हायच्या थांबल्या. बॉल डावीकडून उजवीकडं, मागून पुढं फिरायला लागला. आमचा राइट आउट, ज्याला मी सबंध सीझनमध्ये दहा बॉल दिले नसतील, त्यानं पंधरा मिनिटांत वाघजाईच्या बॅकची दमछाक करून टाकली. इंगवले एकदा आत आला, खोटा थांबला, सर्जा फसला. दुसऱ्यांदा तसाच आला तेव्हा सर्जा फसला नाही. खेळताना कळलं होतं त्याला.

तिसाव्या मिनिटाला गोल. सात-आठ जणांच्या पायांतून फिरत आलेला बॉल होता तो. गॅलरीत फटाके, गुलाल. मी काठीचा टेकू घेऊन उभा राहिलो. माझ्या मागं गॅलरीत दोघं जण बोलत होते.

“काय खेळायला लागलीत रं पोरं आज!”

“निवास असता तर बॉल अजून त्याच्याच पायात असता.”

दोघं खदाखदा हसले. मग एकाला मी दिसलो असणार. हसू एकदम थांबलं.

मी मागं वळलो नाही. पण माझ्या कानशिलांना जे चटके बसले ते आज लिहितानाही आठवतात. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं बरोबर होतं. मी तिथं बसून बघत होतो की माझी टीम माझ्याविना जास्त चांगली खेळते. सबंध गावासमोर. मी ज्याला नुसता बॉल लांब मारायला सांगितला त्या पोराच्या जिवावर.

दुसऱ्या हाफमध्ये इंगवलेनं कॉर्नरवर डोक्यानं गोल फेडला. एक-एक. आमच्या गॅलरीत सुतकी शांतता. आणि माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. हेही लिहून टाकतो.

वेळ संपली. टायब्रेकर.

वाघजाईच्या बाजूचा गोल ठरला. आमचं बाकडं तिथून तिरकं समोर पडत होतं. हिंदुराव गोलमध्ये जाताना माझ्याकडं बघून हातमोजे ठीक करत गेला. मी बाकड्याच्या टोकाला सरकून उभा राहिलो, त्याला दिसेन असा.

पहिली आमची, गोल. त्यांची पहिली मारायला आला तो नवीन पोरगा होता, मला माहीत नव्हता. मी दोन्ही हात खाली ठेवले. गोल. आमची दुसरी गोल. त्यांच्या दुसऱ्याला त्यांचा लेफ्ट हाफ आला, आणि मी उजवा हात कमरेवर ठेवला. हिंदुराव उजवीकडं झेपावला. बॉल त्याच्या मनगटाला लागून बाहेर गेला.

काय कल्लोळ झाला म्हणून सांगू. मीसुद्धा ओरडलो. एक क्षण खरंच सगळं विसरून ओरडलो. हा बॉल माझा होता, मी अडवला होता, हे फक्त त्याला आणि मला माहीत. हिंदुराव जमिनीवरून उठला आणि हनुवटी किंचित वर करून माझ्याकडं बघितलं. थँक्यू म्हणायची त्याची ती रीत होती.

आमची तिसरी सर्जानं मारली. दोन पावलं, टॉक, कोपऱ्यात. गॅलरी पेटली. “सर्जा! सर्जा!” माझ्या नावाला जेवढा आवाज आला होता त्याच्या दुप्पट. वस्ताद माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी जंगमकाकांना मिठी मारली आणि म्हणाले, “आयला, उगंच चार दिस झोप घालवली की रं आपण! हे पोरगं बास हाय आपल्याला!”

मी शेजारीच होतो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आनंदात माणूस आजूबाजूला कोण आहे ते बघत नाही.

त्यांची तिसरी गोल. आमची चौथी गोल. त्यांची चौथी गोल. आमच्या पाचव्याचा बॉल पोलला लागून परत आला. म्हणजे आम्ही चार, ते तीन, आणि त्यांची एक शिल्लक. ती अडवली की कप आमचा. चौदा वर्षांनी.

मारायला आला इंगवले.

त्यानं बॉल ठेवला आणि दोनच पावलं मागं गेला. इंगवले दोन पावलं गेला की गोलकीपरच्या डावीकडं, खालून. चार-पाच गेला तर उजवीकडं. दोन वर्षांत मी त्याच्या अकरा पेनल्ट्या बघितल्या होत्या आणि अकराच्या अकरा तशाच होत्या. सूर्य पश्चिमेला उगवला असता, पण इंगवले दोन पावलांवरून उजवीकडं मारणार नव्हता.

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलं.

डावा हात कमरेवर ठेवायचा. एवढंच. एवढंच करायचं होतं मला.

त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या मनात काय आलं ते मी तीस वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेनं स्वतःला सांगून बघितलं. घोटा ठणकला, भोवळ आली, गर्दीत कोणी तरी आडवं आलं. सगळं खोटं. मनात स्पष्ट आलं की आता जिंकलो तर उद्या फळ्यावर सर्जाचं नाव असेल, आणि मी नसलो तरी चालतं हे सगळ्या गावाला कळेल. आम्ही हरायला हवं होतं मला.

मी खाली वाकलो. पायाशी हात नेला, बुटाची लेस बांधतात तसा. मान खाली.

वर बघितलं नाही. फक्त आवाज ऐकला. आधी बुटाचा, मग वाघजाईच्या गॅलरीचा.

मान वर केली तेव्हा हिंदुराव उजवीकडं पडलेला होता आणि बॉल डाव्या जाळीत. तो उठला नाही लगेच. पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होता.

चार-चार. आता सडन डेथ, जो चुकला तो गेला. आमच्या लेफ्ट बॅकनं घाबरून बॉल आडव्या दांड्यावरून गॅलरीत घातला. त्यांचा सहावा पुढं आला. त्यांचा स्टॉपर. त्याचंही मला माहीत होतं. तो उजवीकडं मारायचा, कायम. आणि एकाएकी मला काय झालं कोण जाणे, मी काठी फेकून दिली, ताठ उभा राहिलो आणि उजवा हात कमरेवर ठेवला. जोरात ठेवला. दिसलं नाही तर म्हणून पुन्हा ठेवला. “दादा!” म्हणून ओरडलोसुद्धा.

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलंच नाही. बॉलकडं बघत उभा राहिला, आणि डावीकडं उडी मारली.

पुढचं सगळं गोंगाटात गेलं. सर्जा मैदानात मध्यभागी बसून ढसाढसा रडत होता. वस्ताद खाली बसले ते उठेनात. आणि लोक कुंपणावरून उड्या टाकून आत आले, ते सरळ माझ्याकडं. कोणी खांद्यावर हात टाकला, कोणी गळ्यात पडलं.

“निवास, तू असतास तर!”

“तू असतास ना मर्दा, तर टायब्रेकरच लागला नसता!”

“म्हातारा झाला रं हिंदुराव. पाचवी अडवायला पायजे हुती.”

हे शेवटचं वाक्य हिंदुराव दहा हातांवर उभा असताना म्हटलं गेलं. त्यानं ऐकलं. मी पण ऐकलं. मान हलवत उभा राहिलो, दुःखी माणूस हलवतो तशी.

घरी त्यानंच आणलं मला. लुनावर मागं बसलो होतो, त्याच्या घामट पाठीजवळ. दारात उतरल्यावर मला राहवेना.

“दादा, त्या पाचव्याला... लेस सुटली हुती रं माझी. वाकलो आणि तेवढ्यात...”

हिंदुरावनं लुना स्टँडवर लावली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूहळू खाली बघितलं, माझ्या पायांकडं. मीही बघितलं.

पायात त्याचं पायताण होतं.

तो गुडघ्यावर बसला. दुपारी बसला होता तसाच. “पाय उचल,” म्हणाला. मी भिंतीला धरून पाय उचलला. त्यानं पट्टा बोटानं वर धरून, सुजेला धक्का न लावता, एक काढलं. मग दुसरं. स्वतःचे बूट काढून पिशवीत टाकले, पायताण घातलं आणि उभा राहिला.

“उद्या पहिल्या शिफ्टला लागंल मला,” म्हणाला. लुना चालू करून निघून गेला.

मी अनवाणी उभा होतो. तेवढ्यात गल्लीतली माणसं आली, माझं सांत्वन करायला. सकाळी फळ्यावर लिहिलेलं होतं, ‘निवास नव्हता म्हणून’. तो फळा पुढचे पंधरा दिवस कोणी पुसला नाही. मीही नाही. जायचो मात्र रोज तिथून.

हिंदुराव पुन्हा गोलमध्ये उभा राहिला नाही. तालमीत यायचा, प्रॅक्टिस बघायचा, माझ्याशी इतरांसारखाच बोलायचा. त्यानं कोणाला काही सांगितलं असतं तर मला पेठ सोडावी लागली असती. सांगितलं नाही. घरी सांगितलं असेल असं वाटून मी दहा वर्षं वहिनींच्या समोर जायचं टाळलं. एकदा बाजारात गाठ पडली तर म्हणाल्या, “निवासभावजी, घरी येत न्हाई तुम्ही. ह्यांना लई कौतुक तुमचं.” म्हणजे त्यांनाही नव्हतं सांगितलं. ते ऐकून मेल्यासारखं झालं मला.

तीन वर्षांनी सतीमाळनं कप जिंकला. कॅप्टन सर्जा होता. मी टीममध्ये होतो, बाजूला, राइट हाफला. कप हातात आला तेव्हा मी गॅलरीत हिंदुरावला शोधलं. सापडला नाही. सेकंड शिफ्टला होता म्हणे.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. तालमीनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. सर्जा आता अध्यक्ष आहे, केस पिकलेत, दुधाच्या दोन डेअऱ्या आहेत. त्यानं माइक घेतला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, “ह्यो माणूस म्हंजे आमची टीम हुती. ह्यो एक दिवस नव्हता, तर फायनल गेली. म्या हुतो त्याच्या जागी, मला म्हाईत हाय.” टाळ्या. तो अजून हे मानत होता. तीस वर्षं त्यानं त्या पराभवाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर वाहिलं होतं.

मला माइक दिला. मी ठरवलं की आता बोलायचं. समोर पहिल्या रांगेत हिंदुराव बसला होता, पासष्टचा, काठी दोन गुडघ्यांत धरून.

“त्या फायनलला,” मी म्हणालो, “सर्जा माझ्यापेक्षा चांगला खेळला. ती फायनल माझ्यामुळं गेली. मी...”

“मोठं मन लागतंय असं बोलायला!” मागून कोणीतरी ओरडलं. आणि टाळ्यांचा कडकडाट. सर्जानं येऊन मला मिठी मारली. डोळे पुसत होता. मी माइक धरून उभा होतो आणि टाळ्या थांबत नव्हत्या. थांबल्या तेव्हा मी “आभारी आहे” म्हणून खाली बसलो. एवढीच हिंमत होती, तेवढ्यात संपली.

कार्यक्रम संपला. आत मारुती, त्यामुळं पायताणं सगळ्यांची बाहेर, दारात ढीग. हिंदुराव काठीवर ओणवा होऊन आपलं शोधत होता. गुडघे त्याला वाकू देत नव्हते. मी पुढं झालो. ढिगात हात घातला आणि काढलंच. रुंद, जाड तळाचं. ते जुनं नव्हतं, ते कसं असेल इतकी वर्षं, पण पाऊल त्याचंच. मी खाली बसलो आणि दोन्ही त्याच्या पायांपुढं मांडली. पट्टा बोटानं वर धरला.

“आरं, काय करालास,” तो म्हणाला. “ऊठ. लोक बघालेत.”

“बघू देत, दादा.”

त्यानं एका पायात घातलं. मग दुसऱ्या. माझा हात अजून तिथंच होता, मान खाली होती, आणि वर बघायचा धीर होईना. माझ्या डोक्यावर त्याचा तळवा आला, खरखरीत, जळक्या डागांचा.

“त्या दिवशी बी असाच वाकला हुतास,” हिंदुराव म्हणाला.